‘व्हेस्ट’ कुठला, ‘वेस्ट’ कुठला?

गंगाखेड तालुक्यातल्या (जि. परभणी) एका ताईंचं पत्र आहे. थोडक्यात देतो:

‘माझं बी.एस्सी. मराठी माध्यमाच्या शाळेनंतर झालंय. परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलायच्या नोकरीसाठी दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा ऐकण्याच्या भागात गेले. हेडफोनमधून एक शब्द येतो आणि समोरच्या दोनपैकी एक निवडायचा. व्ही की डब्ल्यू, झेड की जे, एस की एसएच, सगळा अंदाजपंचे कारभार. फोनवर तर एस आणि एफसुद्धा सारखेच वाटतात. माझ्या कानातच दोष आहे का? सहा आठवड्यांनी तिसरी संधी आहे. आणि एक गंमत म्हणून विचारते: वाघमारे डब्ल्यूने लिहितात, वैद्य व्हीने. मग खरा व कोणता?’

ताई, घरात टीव्हीचा आवाज वाढवावा लागत नसेल, तर कानाला बहुधा काही झालेलं नाही. कान आवाज आत घेतो. पण तो कोणत्या खणात टाकायचा हे मेंदू ठरवतो, आणि ते खण बाळ वर्षाचं व्हायच्या आतच बनायला लागतात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी १९८४ साली इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले होते. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, दहा-बारा महिन्यांच्यांना तो कळेनासा झाला. म्हणजे आपल्याकडचं शेंबडं पोर ‘ताट’ आणि ‘टाट’ वेगळं ऐकतं, तिथे इंग्रजी बोलणारा मोठा माणूस अडखळतो. तुमचं तसंच, फक्त उलट्या बाजूने. मराठीने व्ही आणि डब्ल्यूला मिळून ‘व’ हा एकच खण दिलाय.

नवा खण नुसतं ऐकत बसून होत नाही. तो आवाज तोंडाने नीट काढता आला, की कानालाही त्याची ओळख पटायला मदत होते. म्हणून खालचं सगळं आरशासमोर करायचं आहे. त्याआधी एक चाचणी शिका, ती सगळीकडे कामी येते. आवाज लांबवता येतो का? एका श्वासात तीन सेकंद ओढून बघा. एस, एसएच, एफ, व्ही आणि झेड ओढता येतात. पी, बी, जे आणि सीएच ओढता येत नाहीत. ते फुटतात आणि संपतात. तुमचा झेड ओढता येत नसेल तर तो झेड नाहीच.

आता व्ही आणि डब्ल्यू. निम्मी पडझड इथेच होते, म्हणून पहिले दोन आठवडे यालाच द्या.

मराठी ‘व’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ जातो, पण नीट टेकत नाही. ओठांचा चंबूही होत नाही. त्यामुळे तो ना व्ही, ना डब्ल्यू. व्हीसाठी वरच्या पुढच्या दातांची धार खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर हलकेच टेकवा, हसू दाबताना टेकवतो तेवढीच. दात तिथेच ठेवून घशातून आवाज सुरू करा आणि ओढा. ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. गुदगुल्या नाहीत म्हणजे दात टेकले नाहीत आणि तुम्ही परत ‘व’वर आलात. आवाजच निघेना तर ओठ फार दाबलाय. तसाच सोडलात तर बी ऐकू जाईल.

डब्ल्यूमध्ये दातांचं काही काम नाही. चुलीत फुंकणीने फुंकताना ओठ जसे गोल होऊन पुढे येतात, तसे करा. सोपी युक्ती म्हणजे आधी ‘ऊ’ म्हणा आणि त्यावरून घसरत पुढच्या स्वरावर जा. ऊ-एस्ट, ऊएस्ट, वेस्ट. ऊ-आइन, ऊआइन, वाइन. सुरुवातीला हा ‘ऊ’ मुद्दाम लांब ठेवा, आठवड्याने आपोआप आखडतो. ऐकतानाही हीच खूण शोधायची: शब्द ‘ऊ’वरून घसरत आला की डब्ल्यू, गुणगुणत घासत आला की व्ही.

जोड्या अशा घ्या: वेस्ट (पश्चिम) आणि व्हेस्ट (बनियन), वेट (ओला) आणि व्हेट (गुरांचा डॉक्टर), वाइन (दारू) आणि व्हाइन (वेल), वर्स (आणखी वाईट) आणि व्हर्स (कडवं).

इथे आपली लिहिण्याची पद्धत अर्धी मदत करते आणि अर्धा घात. व्हिडिओ, व्होट, नोव्हेंबर, टीव्ही; मराठीत व्हीसाठी ‘व्ह’ लिहायची चाल पडली, हे चांगलंच झालं. पण त्या ‘व्ह’मध्ये ह आहे, म्हणून वाचणारा दात टेकवण्याऐवजी हवा सोडतो. इंग्रजी व्हीमध्ये ह अजिबात नाही. त्याहून मोठा घोटाळा म्हणजे ‘व्हाइट’, ‘व्हील’, ‘व्हॉट्सअ‍ॅप’ आणि ‘व्हिस्की’ हे शब्दही आपण ‘व्ह’नेच लिहितो, आणि हे चारही डब्ल्यूचे आहेत! देवनागरीत ‘व्हाइट’ आणि ‘व्हाइस’ सख्खे भाऊ दिसतात. इंग्रजीत पहिला ओठांच्या चंबूने सुरू होतो, दुसरा दातांनी. तेव्हा या कामापुरतं देवनागरीत टिपण करू नका, इंग्रजी स्पेलिंग बघा. व्ही लिहिलाय तिथे व्हीच. डब्ल्यू किंवा डब्ल्यूएच लिहिलंय तिथे डब्ल्यू. ‘हू’ आणि ‘होल’सारख्या थोड्या शब्दांत मात्र नुसता ह, आणि ‘राइट’ (लिहिणे), ‘राँग’मध्ये तो मुका. क्यूयूमध्ये डब्ल्यू लपलेला असतो (क्विक, क्वीन) आणि ‘वन’मध्ये तो न लिहिताच असतो. ‘ऑफ’मध्ये मात्र खरीच गंमत आहे. एका एफचा तो शब्द ‘चा-ची-चे’ या अर्थाचा, त्यात आवाज व्हीचा. दोन एफचा म्हणजे ‘बंद’, त्यात एफचा. आपल्याकडे दोन्ही ‘ऑफ’च.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक नेहमीची गडबड होते. व्ही जमायला लागला की तोंड सगळीकडेच दात टेकवायला लागतं आणि ‘वॉटर’सुद्धा व्हीने येतं. घाबरू नका. त्या दिवशी फक्त डब्ल्यूचे शब्द घ्या आणि खालच्या ओठाला दात लागतोय का एवढंच आरशात बघा. दुसरी गडबड ‘वुमन’, ‘वुड’, ‘वूल’ या शब्दांची. यांत डब्ल्यूनंतर लगेच उ येतो, म्हणून डब्ल्यू गळून ‘उमन’, ‘उड’ होतं. तिथे चंबू आणखी घट्ट करा आणि मग उवर सैल सोडा.

दुसरा नंबर झेडचा. याच्यासाठी मराठवाड्यात राहण्याचा एक फायदा तुम्हाला आयता मिळालाय, तो सांगतो.

मराठीत ज दोन आहेत, शाळेत ‘तालव्य’ आणि ‘दंततालव्य’ म्हणून शिकवतात ते. ‘जग’ म्हणजे दुनिया, तेव्हा एक ज. ‘जग की बाबा सुखाने’ म्हणतो तेव्हा दुसरा. ‘माझी’ आणि ‘माझा’ एकापाठोपाठ म्हणा. जीभ ‘झा’च्या वेळी पुढे सरकलेली कळेल. इंग्रजी जे हा ‘दुनिया’वाला जग. झेड मात्र या दोन्हींपैकी एकही नाही. दुसऱ्या जच्या तो जवळचा, पण त्या जमध्ये जीभ आधी दाताच्या मागे टेकते आणि मग सुटते. झेडमध्ये जीभ टेकतच नाही. आणि मराठीत आपण त्याच्यासाठी लिहितो झ: झू, झेब्रा, झीरो. झमध्ये टेकणंही आहे आणि वर हवेचा झोतही आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी लांब. (पिझ्झा तर वेगळीच तऱ्हा. त्या शब्दात दोन झेड लिहूनही आवाज ‘त्स’चा आहे, नीट म्हटलं तर ‘पीत्सा’च्या जवळ जातो.)

आता फायदा. १९४८पर्यंत आपल्याकडे निजामाची राजवट होती आणि कारभाराची भाषा उर्दू. त्या भाषेत झेडचा आवाज अस्सल आहे, टिंब देऊन ज़ लिहितात तो: ज़मीन, बाज़ार, रोज़, नज़र. हे शब्द मराठीत आले तेव्हा आपण ते दाताजवळच्या जवर बसवले. गल्लीत, बाजारात, एसटीत कोणी उर्दू बोलणारे असतील तर त्यांचं ‘नमाज़’, ‘इज़्ज़त’, ‘रोज़ा’ कान देऊन ऐका. तुम्हाला हवा असलेला झेड तुमच्या कानावरून रोज जातोय.

काढायचा कसा? नागासारखा ‘स्स्स’ सुरू करा, कंठावर दोन बोटं ठेवा. जीभ, दात, ओठ काही हलवू नका आणि फक्त घसा चालू करा. बोटांना थरथर लागली आणि आवाज भुंग्यासारखा झाला की तो झेड. दुसरा रस्ता: मराठी ‘रोज’ म्हणा आणि शेवट लांबवा. ज लांबवता येत नाही. लांबत राहतो तो आवाज झेडचा. ती शेपटी पकडा आणि तिच्यापुढे ‘ऊ’ जोडा, झाला प्राण्यांचा झू. ‘झिप’ (चेन) आणि ‘जिप’ असं म्हणताना पहिला ओढता आला पाहिजे, दुसरा नाही.

शब्दाच्या शेवटी झेड जास्त छळतो, कारण तिथे तो बहुतेक वेळा एसच्या वेषात येतो. ‘इज’, ‘वॉज’, ‘हॅज’, ‘बिकॉज’ या सगळ्यांत लिहायला एस, बोलायला झेड. ‘कॅट्स’मध्ये एस, पण ‘डॉग्ज’मध्ये झेड, कारण अनेकवचनाचा एस आधीच्या आवाजाच्या मागे जातो. ‘प्राइस’ (किंमत) आणि ‘प्राइझ’ (बक्षीस) ऐकताना एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर गुण नक्की वाढतील: शेवटच्या व्यंजनाकडे नाही, त्याच्या आधीच्या स्वराकडे कान द्या. इंग्रजीत झेड, व्ही, बी, डी, जी यांच्या आधीचा स्वर लांबतो; एस, एफ, पी, टी, के यांच्या आधी तो आखूड राहतो. ‘प्राइझ’मधला आइ लांब, ‘प्राइस’मधला तुटक. ‘सेव्ह’ आणि ‘सेफ’, ‘बॅग’ आणि ‘बॅक’, ‘बझ’ आणि ‘बस’, सगळीकडे हेच. शेवटचं व्यंजन बोलणारे अर्धंमुर्धंच काढतात. स्वराची लांबी मात्र लपत नाही.

झेडचा एक चुलतभाऊ आहे. ‘मेझर’ (मोजमाप), ‘प्लेझर’, ‘टेलिव्हिजन’ यांच्या मधला आवाज. तो ना ज, ना ज़. ‘शू, गप्प’ मधला श धरा आणि घसा चालू करा, झालं. हे केलं नाही तर मोजमाप आणि लष्करातला ‘मेजर’ एक होतात. परीक्षेत याचे शब्द थोडेच असतात, एक संध्याकाळ पुरे.

एस आणि एसएच. आपल्याकडे स आणि श दोन्ही आहेत, मग अडचण कशाला? अडचण बोलीची आहे. एकीकडे ‘शाळा’ची ‘साळा’ आणि ‘शेंगा’च्या ‘सेंगा’ होतात; दुसरीकडे सिनेमाचा ‘शिनेमा’, सिमेंटचं ‘शिमिट’, दवाखान्यातल्या सिस्टरची ‘शिस्टर’. नीट बघा, दुसऱ्या यादीत तिन्ही वेळा पुढे इ आहे. इ म्हणायला जीभ टाळूकडे चढते आणि सला ओढून श करते. मराठीत हे फार जुनं वळण आहे, त्यात चूक काही नाही. बोलीत खुशाल ‘शिनेमा’ म्हणा. पण इंग्रजीत ‘सी’ (बघणे) आणि ‘शी’ (ती), ‘सिप’ (घोट) आणि ‘शिप’ (जहाज), ‘सीट’ आणि ‘शीट’ हे वेगळे शब्द आहेत; आणि ग्राहकाला ‘सीट’ सांगताना स घसरला आणि ई आखूड झाली तर काय शब्द होतो, ते इथे छापत नाही.

एसला ओठ हसल्यासारखे फाकलेले, आवाज पंक्चर झालेल्या चाकातून हवा सुटावी तसा बारीक. एसएचला ओठ थोडे पुढे, जीभ मागे, आवाज जाडसर. इच्या आधी सराव करायचा तर थेट ‘सी’ म्हणू नका. आधी ‘सा, सू’ म्हणा, तिथे स बिघडत नाही. मग ‘स्स्स’ दोन सेकंद ओढून धरा, जीभ तिथेच ठेवून ‘ई’ म्हणा. स पूर्ण झाल्यावर ई. दोन्ही एकदम केलंत की श झालाच. स्पेलिंगचे काही चोरही ओळखून ठेवा: ‘शुगर’ आणि ‘शुअर’ लिहिताना नुसता एस, ‘मशीन’ आणि ‘शेफ’मध्ये सीएच, आवाज सगळीकडे श.

पत्रात तुम्ही विचारलं नाही, पण ग्राहकाला तुमचं बोलणं कळायला हवं म्हणून सांगतो. शब्दाच्या सुरुवातीचे पी, टी, के इंग्रजी माणूस हवेच्या झोतासह काढतो. त्याचा ‘पेन’ आपल्या प आणि फ (ओठ मिटून काढलेला जुना फ, ‘फ़ोन’मधला नव्हे) यांच्यात फकडे झुकलेला असतो. झोत नसला की त्याचा कान बी समजतो. म्हणून तुमचा ‘पॅट’ त्याला ‘बॅट’ वाटू शकतो, ‘कोट’ची ‘गोट’ म्हणजे शेळी होऊ शकते. एसटीचं तिकीट तोंडासमोर चार बोटांवर धरून ‘पेन’ म्हणा. कागद हलला पाहिजे. ‘बेन’ म्हणताना तो जवळजवळ हलू नये. एसनंतर मात्र (‘स्पिन’, ‘स्टॉप’, ‘स्काय’) झोत नको, तिथे आपला साधा प, ट, क बरोबर आहे. ख, ठ, फ ज्याच्या वर्णमालेत आहेत त्याला हे दोन दिवसांत जमतं.

टीएचच्या मागे मात्र या सहा आठवड्यांत लागू नका. त्याच्यासाठी जिभेचं टोक दातांच्या मध्ये येऊन हवा घासत जायला हवी. आपला थ आणि द तसे नाहीत. पण आयर्लंडमध्येही कितीतरी माणसं दाताला जीभ टेकवूनच ‘थिंक’ म्हणतात. आपल्याकडे थ आणि ट वेगळे असल्यामुळे ‘थिन’ आणि ‘टिन’ची गल्लत तुमच्याकडून तशीही होणार नाही. ‘सिंगर’मध्ये ग नाही आणि ‘फिंगर’मध्ये आहे, एवढं एकदा घोकून ठेवा. एल आणि आर यांत आपल्याला कधीच अडचण नव्हती.

आता फोनवरच्या एस-एफचं. इथे तर तुमचा दोष मुळीच नाही. जुन्या पद्धतीच्या फोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं) एवढाच आवाज जातो. एसची खरी शिट्टी ४००० हर्ट्झच्या वर असते, म्हणजे ती पलीकडेच गळून पडते. एफ मुळातच अशक्त. दोघांचं उरतं ते नुसतं फुसफुसणं, आणि ते इंग्रजांनाही वेगळं ऐकू येत नाही. (मोबाइलच्या एचडी आवाजात हीच मर्यादा ७००० हर्ट्झपर्यंत जाते, म्हणून तिथे बरं ऐकू येतं.) म्हणूनच विमानवाले आणि फोनवाले अक्षर सांगताना शब्द वापरतात, १९५६पासून चालत आलेली यादी आहे. तिच्यातले तुमच्या कामाचे पाठ करा: एस सिएरा, एफ फॉक्सट्रॉट, व्ही व्हिक्टर, डब्ल्यू विस्की, झेड झुलू, जे ज्युलिएट, पी पापा, बी ब्राव्हो, एम माइक, एन नोव्हेंबर. डब्ल्यूची विस्की मुद्दामच ह न देता लिहिलीय.

सराव रोज १५ मिनिटं, दीड तास एकदम नको. इंग्रजी शब्दकोशांच्या संकेतस्थळांवर शब्दाशेजारी ध्वनी असतो, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही. दोन्ही ऐका, आणखी दोन-तीन संकेतस्थळं घ्या. एकाच आवाजावर तयारी केली तर मेंदू तो माणूस ओळखायला शिकतो, व्यंजन नाही. जपानी लोकांना एल-आर शिकवण्याच्या प्रयोगांतही अनेक जणांचे आवाज ऐकवल्याचाच फायदा नव्या आवाजांवर दिसला.

रात्री घरातल्या कुणाच्या तरी हातात मोबाइल द्या. एका जोडीतले दोन शब्द त्यांनी मनाला येईल त्या क्रमाने २० वेळा वाजवायचे, तुम्ही त्यांच्याकडे पाठ फिरवून कागदावर टिपायचं. नुसत्या अंदाजाने १० बरोबर येतातच, म्हणून १२-१३ला हुरळून जाऊ नका. अंदाजाने १५ किंवा जास्त येणं पन्नास वेळांत एखादवेळी होतं. दोन दिवस लागोपाठ १८ आले की पुढची जोडी. दोन आठवडे व्ही-डब्ल्यू, दीड आठवडा झेड, एक आठवडा एस-एसएच, उरलेल्या दीड आठवड्यात सगळ्यांची सरमिसळ. त्यात निदान निम्मा वेळ पूर्ण वाक्यांना द्या, कारण वाक्यात शब्द आखडतात.

तुमचं बोलणं तपासायला मोबाइलचं बोलून टायपिंग वापरता येईल, भाषा इंग्रजी ठेवून. एकच शब्द बोला. वाक्य बोललात तर ते आजूबाजूच्या शब्दांवरून स्वतःच दुरुस्त करतं आणि तुम्हाला उगाच शाबासकी मिळते. ‘व्हेस्ट’सारख्या कमी वापराच्या शब्दाला ते कधी कधी तरीही ‘वेस्ट’ लिहील. पाचपैकी तीन वेळा बरोबर आलं तर जमलं म्हणा.

राहिले वाघमारे आणि वैद्य. मराठीत दोघांचाही व एकच. इंग्रजीत कुणी डब्ल्यू लिहायचा आणि कुणी व्ही, ही घराण्याची आणि शाळेत नाव घालणाऱ्या मास्तरांची मर्जी. आपापसात आहे तसंच म्हणा, वाघमाऱ्यांनी स्वतःच्या नावासाठी ओठांचा चंबू करायचं कारण नाही. पण परदेशी ग्राहक कागदावरचं अक्षर वाचून बोलणार. तो वैद्यांना दात टेकवून हाक मारेल आणि वाघमाऱ्यांना फुंकणी फुंकून. स्पेलिंग सांगायची वेळ आली की व्हिक्टर की विस्की, तेवढं सांगा.